हात कानाला पोचला

सरकारी कागदांवर माझी साठी केव्हाच उलटून गेली. खरी अजून यायची आहे. दर एक जूनला बँकेकडून मोबाइलवर शुभेच्छा येतात, फुग्यांच्या आणि केकच्या चित्रासकट, आणि माझी मुलगी मुद्दाम त्या मोठ्याने वाचून दाखवते. मी म्हणते, वाच बाई वाच, जिचा वाढदिवस आहे ती बाई कधी भेटलीच तर तिलाही सांगेन. शाळेतून निवृत्तसुद्धा मी दोन वर्षं आधीच झाले. निरोप समारंभात सगळ्या बाया म्हणत होत्या, मॅडम, तुम्ही अठ्ठावन्नच्या अजिबात वाटत नाही हं. वाटणार कशी? या दोन वर्षांचा घोळ मला ज्या सकाळी कळला त्या सकाळचा धक्का अजून अंगातून गेलेला नाही, म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं आहे.

तेव्हा आम्ही जळगावला मेहरूणमध्ये राहत होतो, तलावाच्या अलीकडे, दोन खोल्या आणि मागे न्हाणी. आप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या डेपोत कारकून होते. अक्षर इतकं सुरेख की शेजारीपाजारी अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडेच यायचे. आई कॉलेजात भूगोल शिकवायची. लग्न झालं तेव्हा ती जेमतेम मॅट्रिक होती; पुढचं सगळं शिक्षण तिने संसार करता करता केलं. पिठाच्या डब्याला पुस्तक टेकवून ठेवायचं आणि भाकरी थापत वाचायचं, ही तिची पद्धत प्राध्यापिका झाल्यावरही गेली नव्हती. त्यामुळे आमच्या घरातल्या बहुतेक पुस्तकांच्या पानांमध्ये कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ सापडायचं. सकाळी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग तलावावरच्या टिटव्यांचा कलकलाट, मग आईचं मोठ्याने इंग्रजी वाचणं, आणि त्या सगळ्यावर माझ्या धाकट्या भावाचं, मिलिंदचं, भोकाड. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि अकरा वर्षांच्या मुलाने रडू नये हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

आईला इंग्लंडला शिकायला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाल्याचं पत्र आलं त्या दिवशी वांग्याचं भरीत होणार होतं. चुलीतली वांगी तशीच राहिली आणि कोळसा झाली. पत्र वाचून आई खाली बसली ती उठेचना. दोन वर्षं शिकायचं होतं, आणि विद्यार्थ्याला घरच्या माणसांना सोबत नेता येत होतं. हे दुसरं वाक्य तिने आम्हाला तीनदा वाचून दाखवलं. ज्या बाईने समुद्र फक्त नकाशात पाहिला होता ती आता समुद्रापलीकडे जाणार, आणि एकटी नाही, आम्हा सगळ्यांना घेऊन जाणार! आप्पांनी पत्र हातात घेतलं, उलटं करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं आणि म्हणाले, "मी बिनपगारी रजा टाकतो."

गल्ली अवाक झाली. नवरा परदेशी जातो आणि बायको मागून जाते एवढं लोकांनी ऐकलेलं होतं. इथे बायको शिकायला चालली होती आणि नवरा तिच्या मागून, घर सांभाळायला. डेपोत आप्पांना रोज विचारायचे, "काय साहेब, तिकडे मेमच्या हातचं खाणार की मेमला करून घालणार?" आप्पा शांतपणे सांगायचे, "करून घालणार." आणि संध्याकाळी खरंच भाकरी शिकायला बसायचे. त्यांची भाकरी तव्यावर पडली की थप्प असा आवाज यायचा, ओल्या गोणपाटासारखा. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. शेवंतामावशी, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, त्यांनी चार स्वेटर विणायला घेतले होते. माझा हिरवा होता. धुळ्याहून आबांनी, आईच्या वडिलांनी, ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड पाठवले होते, इतके की तिकडच्या अख्ख्या गावाला पुरले असते. आईने एक छोटा लोखंडी खलबत्तासुद्धा बाजूला काढून ठेवला होता. विमानात वजनाची मर्यादा असते म्हटल्यावर ती म्हणाली, "मग मी साडी कमी नेते."

माझी बारावीची परीक्षा होऊन गेली होती. मी कॉलेजात जाणार तर इंग्लंडातल्याच, हे मी वर्गातल्या प्रत्येक मुलीला सांगून टाकलं होतं, अगदी जिच्याशी माझा अबोला होता तिलाही. मी अभ्यासात बरी होते, पण वर्गात मी नेहमी सगळ्यांत बुटकी, पळण्यात शेवटची. मुलींची गुपितं मला उशिरा कळायची आणि कळली तरी पटायची नाहीत. त्या मला बाळ म्हणायच्या. इंग्लंडला गेल्यावर मला कोणी बाळ म्हणणार नव्हतं, कारण तिथे मला कोणी ओळखतच नव्हतं. त्या जाण्यावर मी सगळंच टांगून ठेवलं होतं.

जून संपत आला होता. रविवारची सकाळ होती. आमच्या व्हिसाचे अर्ज भरायचं काम अर्थातच आप्पांकडे होतं. त्यांनी चटईवर पाट मांडून कागद पसरले, शाईच्या पेनाची निब पुसली आणि एकेक रकाना भरायला घेतला. आई शेजारी बसून इंग्रजीचा अर्थ सांगत होती. तिचं नाव, तिची तारीख, मग आप्पांची, मग मिलिंदची. मग माझा शाळा सोडल्याचा दाखला समोर घेतला आणि त्यावरून तारीख उतरवता उतरवता आप्पांचा हात थांबला. त्यांनी सोबतचं माहितीपत्रक पुन्हा वाचलं. बोटांवर वर्षं मोजली.

"अगं, मुलं अठराच्या आतली लागतात," ते म्हणाले. "प्रज्ञाला एक जूनला अठरा पूर्ण झाली."

आई हसली. मला ते हसणं अजून ऐकू येतं. "काहीतरीच तुमचं. आत्ता आखाजीला तिला सोळा पूर्ण झाली."

मग दाखल्याकडे बघून तिने जीभ चावली. मी तांदूळ निवडत बसले होते. माझ्या हातातलं ताट मांडीवरून घसरलं.

"सोळा?" मी विचारलं.

एक जून ही खरी तारीख नाही एवढं मला माहीत होतं. माझ्या वर्गात निम्म्या मुली एक जूनच्या होत्या. माझा जन्म आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशीचा, धुळ्याला आबांच्या घरी, दारच्या निंबाला झोके बांधलेले असताना, हे मी लहानपणापासून ऐकत होते. पण वर्षही खोटं आहे हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आप्पा आईकडे बघत होते. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं.

शेवटी आईने सांगितलं, तेही भांडी घासत, पाठमोरी. तिचं बी.ए.चं पहिलं वर्ष सुरू व्हायचं होतं. वर्ग सकाळचे. आप्पांची आई तोवर गेलेली, मला सांभाळायला घरात कोणी नाही. तेव्हा मी चार वर्षांची होते. तिने मला नवा झगा घातला आणि जवळच्या शाळेत नेऊन गुरुजींना सांगितलं, सहा पूर्ण झालीत. तेव्हा वयाचा दाखला कोण मागत होतं? गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला लावायचे. बोटं डाव्या कानाला लागली की पोर सहा वर्षांचं. माझे हात लांब. "तुझी बोटं कानाला लागली गं," आई म्हणाली. "गुरुजींनी लगेच लिहून टाकलं. एक जून. सगळ्यांचंच असं असतं, प्रज्ञा. मला काय माहीत पुढे हे..."

मी ऐकता ऐकता नकळत उजवा हात डोक्यावरून नेला. अख्खा कान मुठीत आला.

म्हणजे मी बुटकी नव्हते. मंद नव्हते. माझ्यापेक्षा दोन-दोन वर्षांनी मोठ्या पोरींमध्ये मला बसवलं होतं आणि मी त्यांच्यामागे पळत होते. मी पळण्यात शेवटची आले की आई म्हणायची, एवढी घोडी झालीस तरी तुला साधं पळता येत नाही. ती हे म्हणायची, आणि तिला माहीत होतं! मला इतका राग आला की रडूही येईना. सोळा वर्षं मी ज्या मुलीला ओळखत होते ती मुलगीच खोटी निघाली होती, आणि वर तिच्यामुळे मला इंग्लंडही बंद झालं होतं.

आप्पा दुसऱ्याच दिवशी चौकशी करून आले. आईच्या कॉलेजातल्या मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं, नगरपालिकेतला जन्माचा दाखला मिळाला तर बाकीचे कागद दुरुस्त करून घेता येतील. वेळ कमी आहे, पण धावपळ केली तर होईल. घरात पुन्हा जीव आला. आईने त्या रात्री माझ्या ताटात माझ्या आवडीची शेवभाजी वाढली आणि मी ती खाल्ली. खोटं कशाला सांगू, राग होता तरी खाल्ली.

आम्ही धुळ्याला निघालो, आई, आप्पा आणि मी. एरंडोल, पारोळा, एसटीच्या खिडकीतून गरम वारा. आई सगळा वेळ माझा हात धरून होती आणि मी तो सोडवत नव्हते. मला चिंता अशी नव्हतीच, कारण आबा. आबा म्हणजे माझ्या लेखी कागदाचा माणूस. उभा जन्म त्यांनी नगरपालिकेच्या जकात नाक्यावर काढला होता. आग्रा रोडने येणारा प्रत्येक ट्रक थांबवायचा, आत केळी किती, कापूस किती, ते वहीत लिहायचं. निवृत्त झाले तरी खिशाला पेन असायचं. आणि आपल्या पोरीला त्यांनीच मॅट्रिक केलं होतं, वस्तीतल्या लोकांचं न ऐकता. हे सगळे आम्हाला अभिमानाने सांगत. अशा माणसाने नातीची नोंद केली नसेल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. आबांच्याही नव्हतं, असं मला अजूनही वाटतं.

नगरपालिकेत आबांना सगळे ओळखत. जन्माच्या नोंदी ठेवणारा कारकून त्यांना बघून उठून उभाच राहिला. त्याने आमच्यासाठी चहा सांगितला आणि जुनी रजिस्टरं काढून टेबलावर ठेवली. मिलिंदही धुळ्यालाच जन्मला होता, त्यामुळे आधी त्याचीच नोंद सापडली. मुलगा, आईचं नाव, आप्पांचं नाव, आणि खबर देणाऱ्याच्या जागी आबांची सही, त्या लांब शेपटीच्या अक्षरात. जन्माच्या दुसऱ्याच दिवशीची. मग त्याने माझ्या वर्षाचं रजिस्टर उघडलं. आखाजीचा महिना. पुढचा महिना. त्याच्या पुढचा. आप्पा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. चहा आला, कोणी घेतला नाही.

"आबा, नातीची नोंद दिसत नाही," कारकून हळूच म्हणाला.

"आखो एकदा देख रे भो," आबा म्हणाले. म्हणजे अजून एकदा बघ. त्याने पुन्हा पाहिलं, आधीचं आणि नंतरचं वर्षही पाहिलं. आबा टेबलाचा कोपरा धरून उभे होते.

आईने विचारलं, "आबा, तुम्ही नोंद करेल व्हती ना?"

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पहिलीच पोर व्हती," ते म्हणाले. "माले वाटनं, करसूत, काय घाई शे. मंग ऱ्हाई गयं."

"मिलिंदना टाइमले घाई व्हती?"

आबा खिडकीबाहेर बघू लागले. तिथून त्यांचा जकात नाका हाकेच्या अंतरावर होता. बावीस-पंचवीस वर्षं ते याच इमारतीत पगाराला येत होते. केळीचा एक घड त्यांच्या नजरेतून सुटला नसेल. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटत होतं ते आता हसतील आणि म्हणतील की चेष्टा केली.

आईचा आवाज मग अगदी बारीक झाला. "आबा," ती म्हणाली, "मनी तरी शे का नोंद?" म्हणजे माझी तरी आहे का.

कारकुनाने मान खाली घातली. आबांनीही. आईच्या कागदांवरची तारीख एक जूनचीच आहे हे मला तेव्हा आठवलं. इतकी वर्षं तिच्या तारखेकडे मी पाहिलंच नव्हतं. प्राध्यापिका, शिष्यवृत्तीवाली, आणि तिलाही आपला जन्म कधीचा ते सांगता येत नव्हतं. मी तेव्हा तिच्याजवळ जायला हवं होतं. मी गेले नाही, कारण मला माझंच दुःख पुरत होतं.

जळगावला परत आल्यावर आईने जाहीर केलं, "मी जात नाही." आप्पांनी समजावलं, शेवंतामावशींनी समजावलं. तिने खलबत्ता उचलून पुन्हा फळीवर ठेवला. तिचं ते ठेवणं बघून माझं डोकंच फिरलं. म्हणजे आता हे सगळं माझ्यामुळे बुडालं असं सगळे आयुष्यभर म्हणणार! मी सगळ्यांसमोर म्हणाले, "जा तू. तुझ्या शिक्षणापायी माझी दोन वर्षं तू आधीच घेतलीस, आता आणखी दोन घे."

आप्पांनी आयुष्यात माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. त्या दिवशी उगारला आणि वरच्या वर थांबवला. आई माझ्याकडे बघत होती, जणू मला पहिल्यांदाच बघते आहे. मग ती उठली आणि खलबत्ता पुन्हा खाली घेतला. मला वाटतं ती त्या वाक्यामुळेच गेली. राहिली असती तर ते वाक्य रोज आमच्यासोबत जेवायला बसलं असतं. मी ते परत घ्यायला हवं होतं, आणि घेतलं नाही. आई आता ऐंशीच्या पुढे आहे आणि तिला ऐकू कमी येतं. मध्यंतरी एकदा मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, आई, तेव्हा मी फार वाईट बोलले. ती म्हणाली, "कधी गं?" तिला खरंच आठवत नव्हतं की मला सोडवत होती, कोण जाणे.

ते तिघे गेले तेव्हा सप्टेंबरचं ऊन होतं. जळगाव स्टेशनवर मी हिरवा स्वेटर घालून उभी होते, गळ्यापर्यंत बटणं लावून. घामाच्या धारा लागल्या होत्या. लोक बघत होते. आई म्हणाली, "काढ गं तो, चक्कर येईल." मी काढला नाही. गाडी हलल्यावर मिलिंदने असं भोकाड पसरलं की पुढच्या डब्यातली माणसं डोकावली. आई रडली नाही. ती खिडकीतून माझ्याकडे बघत उजवा हात डोक्याशी नेत होती, पदर सारखा करायला असेल, पण मी तोंड फिरवलं.

मला राहायला ठेवलं धुळ्याला, आबांकडे. दुसरं कोण होतं? आजी नव्हती. पहिले काही दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ते सकाळी चहा करून माझ्या उशाशी ठेवायचे, दुपारी भाकरी आणि ठेचा. कॉलेजला सोडायला चालत यायचे, मी पुढे, ते दहा पावलं मागे. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही, त्या पिढीला ती मागताच येत नव्हती. पण एक चमत्कारिक सवय त्यांना जडली. भेटेल त्याला, म्हणजे रिक्षावाला, दूधवाला, कॉलेजचा शिपाई, कोणीही न विचारता ते सांगायचे, "मनी नात शे. सोळा वरीसनी शे." आखाजी झाली की सतरा. मला शरमेने मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी ओरडले, "आबा, कोणी विचारलंय का तुम्हाला?" ते म्हणाले, "कोनी इचारं नही, म्हनीसन सांगस." विचारलं नाही, म्हणूनच सांगतो. त्या दिवसापासून आम्ही बरोबरीने चालू लागलो.

दोन वर्षांनी सगळे परत आले. आप्पांची भाकरी आईपेक्षा चांगली होऊ लागली होती. मिलिंद इंग्रजीत भांडायचा. मी पदवीधर झाले, शिक्षिका झाले, माझं लग्न झालं, आणि पहिल्या बाळंतपणाला जळगावला आईकडे आले. दवाखान्यात मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेवर पडले होते तर दाराशी आबा दिसले, धुळ्याहून पहिल्या एसटीने आलेले, हातात काठी. मी उठून बसायला लागले. ते दारातच नर्सशी काहीतरी बोलले. तिने त्यांना एक कागद दिला. आणि ते आत न येता वळून निघून गेले.

मला जो धक्का बसला तो सांगता येत नाही. माझ्याकडे नाही, पाळण्याकडे नाही, एक नजरसुद्धा नाही. मुलगी झाली म्हणून? इतक्या वर्षांनी, पुन्हा? मी भिंतीकडे तोंड करून पडले. आई डोक्यावरून हात फिरवत राहिली. तिला कळलं होतं.

दोनेक तासांनी काठीचा आवाज आला. आबा घामाने निथळत होते, सदरा पाठीला चिकटलेला. पाळण्याजवळून ते सरळ पुढे आले आणि माझ्या हातात नगरपालिकेच्या शिक्क्याचा एक कागद ठेवला. मुलगी. आईचं नाव, वडिलांचं नाव. नावाचा रकाना रिकामा, कारण नाव अजून ठेवायचं होतं. खाली खबर देणाऱ्याची सही, लांब शेपटीची, आता थोडी थरथरलेली.

"तारीख बराबर शे ना?" त्यांनी विचारलं. "देखी ले."

मी पाहिली. डोळे भरून आल्यामुळे दुसऱ्यांदा पाहावी लागली. मग तो कागद मी आईला दिला. तिने चष्मा लावून तो वाचला, बोटाने प्रत्येक ओळीखालून सरकत, आणि आणखी दोनदा वाचला.

"बरोबर आहे, आबा," ती म्हणाली.

तेव्हा कुठे आबा स्टुलावर बसले, काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात पुढे केले. "आते दखाड," ते म्हणाले, "मनी पणती."